चार बाय तीनची पडवी

आमच्या घराच्या दारात हल्ली एक आरसा राहतो. ‘राहतो’ म्हणायचं कारण, त्या ४ फूट बाय ३ फूट जागेत आता दुसरं कोणी राहूच शकत नाही. आरशाखाली चपलांचं कपाट आहे. कपाटावर पितळी उरळी आहे, उरळीत पाणी आहे, पाण्यावर प्लॅस्टिकची कमळं आहेत. कोपऱ्यात एक झाड आहे. त्याला पाणी लागत नाही, ऊन लागत नाही आणि पालवीही फुटत नाही. ही सगळी आरास माझ्या भाच्याची. त्याने इंटिरियरचा कोर्स केला आहे. कोर्स संपल्यावर ज्याचं घर पहिल्यांदा हाती लागतं त्याला मामा म्हणतात, हे मला जरा उशिरा कळलं.

“मामा, एन्ट्रन्स म्हणजे घराचा चेहरा,” तो म्हणाला.

मी अलिबागेत बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं बसतो आहे. दिवसभर इतके चेहरे बघतो की संध्याकाळी घरालाही एक असावा, अशी माझी मागणी नव्हती. मागणी एवढीच होती, की तिथला लाकडी बाक तिथेच राहू दे. पण बाक आउटडेटेड ठरला आणि त्याची बदली गच्चीवर झाली. बदलीचा हुकूम निघाला की तक्रार करायची नसते, ही आम्हा बँकवाल्यांची सवय. मी गप्प बसलो. म्हणजे उभा राहिलो. बसायला जागाच नव्हती.

तो बाक आमच्या चौलच्या घरातला. रस्त्याला लागून अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, आणि मागे नारळी-पोफळीची वाडी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडवली आणि निम्म्या पोफळी आडव्या केल्या. पुढे कौलं चढवायला माणूस मिळेना आणि वाडीत राहायला भाऊबंद मिळेनात, तेव्हा आम्ही अलिबागेत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डरच्या नकाशात दाराआतल्या जागेला ‘फॉयर’ म्हटलं होतं. आई तिला पहिल्या दिवसापासून पडवीच म्हणते. चार बाय तीनची का असेना, पडवी ती पडवी.

आता मी भांडणाला बसतो. (पुन्हा चुकलो. उभा राहतो.) माझं म्हणणं एका वाक्याचं आहे : दारातली जागा ही पहिल्यांदा टेकायची जागा, ते जमलं की मग खुशाल सजवा.

आधी सोयीचं बोलू. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. हवेत मीठ असतं ते बाराही महिने. अशा मुलखात चपला बंद कपाटात ठेवायच्या, ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस कोरड्या गावचा असला पाहिजे. जुलैत मी ते कपाट उघडलं तेव्हा माझ्या चामडी चपलांवर अशी हिरवी बुरशी होती, की त्या कोपऱ्यातल्या झाडापेक्षा त्याच जास्त जिवंत वाटत होत्या. भुश्याच्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या, बिजागऱ्यांना गंज चढला, आणि दार लावायला घरातली दोन माणसं लागू लागली. आमच्या पडवीत काय होतं? पाय धुवायला दगड आणि तांब्या. काथ्याचं पायपुसणं. छत्री टांगायला खुंटी, किल्ली ठेवायला कोनाडा. चपला उघड्यावर, वाऱ्याला. कुणी कोर्स केलेला नव्हता, म्हणून सगळं चालत होतं.

पण मुद्दा चपलांचा नाही, चपला घालणाऱ्यांचा आहे. आईला आता त्र्याहत्तरावं लागलं आहे. चपला घालायला तिला टेकावं लागतं. बाक गेल्यापासून ती आरशाला हात लावते आणि कशीबशी एका पायावर उभी राहते. आरशावर पाच बोटं उमटतात. मग आपलंच काही चुकल्यासारखी ती पदराने ती बोटं पुसते. घराचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला.

दुसरी आमची कोळीण मावशी. इमारतीच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना प्रवेश बंद’ अशी पाटी आहे. एक पाटी फाटकावर, एक मावशीच्या डोक्यावर. दुसरीत बांगडे असतात आणि वॉचमनला बांगडा आवडतो, म्हणून वाट मिळते. आरास झाल्यानंतर ती प्रथम आली, आत डोकावली आणि म्हणाली, “दादा, पाटी कुठं उतरवू?”

मी कपाटाकडे पाहिलं, उरळीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. त्या दिवशी मासळीचा सौदा जाळीच्या दारातून झाला. ती बाहेर जिन्यात, मी आत. बँकेतली खिडकी मी घरी आणली होती.

भाचा म्हणतो, “मामा, सिक्युरिटीचंही बघायला हवं.” बरोबर आहे. सिक्युरिटीचा आमच्या जिल्ह्यातला आदर्श म्हणजे मुरूडचा जंजिरा. त्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा स्वागताला पंजात हत्ती दाबून धरलेलं श्वापद दगडात कोरलेलं. पण सिद्दीला शत्रू होते हो! आमच्या घरात शिरून लुटारू नेणार काय? गृहकर्जाचे हप्ते? नेणार असेल तर मी त्याला चहा पाजीन. फक्त बसवायचा कुठे, हा प्रश्न.

पडवीचे नुसतेच गोडवे गातो आहे असं मात्र कुणी समजू नये. त्या पडवीच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्या चढता येत नव्हत्या. कुणी ओटीवर, कुणी पडवीत, कुणी अंगणात आणि कुणी अंगणाच्याही बाहेर, हा हिशेब न सांगता पक्का होता. महाडचं चवदार तळं आमच्याच जिल्ह्यात. तेव्हा त्याला कुलाबा म्हणायचे. तिथे पाण्याची ओंजळ भरायला २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. जुन्या घरातून आणायचंच तर बाक आणावा, तो हिशेब तिथेच ठेवावा. आम्ही नेमकं उलटं केलं. बाक गच्चीवर टाकला आणि हिशेब जाळीच्या दारासकट आत घेतला.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी जमाखर्चाचे नियम घोकून घेतात. मालाच्या खात्याचा नियम : जे आत येतं ते नावे, जे बाहेर जातं ते जमा. आजचे बरेच दरवाजे याच नियमावर चालतात. आलेला पाहुणा नावे, गेलेला पाहुणा जमा! पण माणसांच्या खात्याचा नियम वेगळा आहे : घेणारा नावे, देणारा जमा. मावशी बांगडे देते, गावची खबर देते, आईच्या गुडघ्यांवर औषध सांगते. त्या खात्यात तिची बाकी जमेची आहे आणि माझी नावे. वीस वर्षांच्या नोकरीत एवढंही कळू नये?

परवाच्या रविवारी मी आणि वॉचमनने बाक खाली आणला. कपाट गच्चीवर गेलं; फुगलेलं होतं, त्यामुळे ते जाताना ऐटीत गेलं. आरसा राहिला, कारण तो भिंतीला चिकटवला आहे.

सोमवारी मावशी आली. तिने पाटी बाकावर ठेवली आणि स्वतः खाली फरशीवर बसली. हिशेब किती जुना आहे बघा, तिलाही पाठ होता. आई आतून आली, म्हणाली, “अगं, पाटी खाली ठेव आणि तू वर बस.” मग तीही शेजारी टेकली.

समोरच्या आरशात दोन म्हाताऱ्या दिसत होत्या. इतक्या दिवसांत त्या आरशाचा झालेला हा पहिलाच उपयोग.