‘मेंबर नाहीत तेच बरं’ म्हणणाऱ्यांना

मी मूळचा मेडशीचा. नोकरी सॉफ्टवेअरची, राहतो पुण्यात. गावी गेलो की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "मेंबर नाहीत तेच बरं. साहेब लोक निदान कामं तरी करतात." पूर्वी मीही मान डोलवायचो. आता नाही.

संविधानाचं कलम 243ई पंचायतींसाठी आहे आणि 243यू नगरपालिकांसाठी. दोन्हींचा अर्थ एकच : मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. आपल्याकडे काय झालं? वाशीम नगर परिषदेची निवडणूक 2016 नंतर थेट डिसेंबर 2025 मध्ये. अकोला महापालिकेची फेब्रुवारी 2017 नंतर जानेवारी 2026 मध्ये. वाशीम शहरात 2017 साली अठरा वर्षं पूर्ण केलेल्या तरुणाला नगर परिषदेसाठी पहिलं मत देता आलं, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा झाला होता.

आपल्या जिल्हा परिषदेचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. जानेवारी 2020 मध्ये 52 सदस्य निवडून आले. 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि ओबीसी जागांवरच्या 14 जणांचं सदस्यत्व गेलं. दोष त्यांचा नव्हता. मागासलेपणाची स्थानिक माहिती गोळा करा, त्यावर आरक्षण ठरवा, हे न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं होतं. अकरा वर्षांत एकाही सरकारने ते केलं नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये पोटनिवडणूक झाली. जानेवारी 2025 मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले.

"तो ओबीसींचा वाद, आपल्याला काय?" असं म्हणणारेही आपल्यात आहेत. बागवान, पिंजारी, अत्तार याच यादीत आहेत, हे त्यांनी आधी पाहावं.

नियमांचं तरी काय? सरपंच थेट जनतेतून : 2017 मध्ये हो, 2020 मध्ये नाही, 2022 मध्ये पुन्हा हो. महापालिकेत प्रभाग आधी चार सदस्यांचा, मग एकाचा, मग तिघांचा, परत चौघांचा. प्रत्येक सरकारने आपल्या सोयीने खेळ बदलला. यात कुठलाच मोठा पक्ष स्वच्छ नाही.

आता मूळ मुद्दा. मेंबर खातात? काही खातात, नाकारत नाही. पण त्याला रस्त्यात अडवून विचारता येतं आणि पाच वर्षांनी तो दारात येतोच. प्रशासकाची बदली होते. मग शाळेच्या गळक्या छताचा जाब कोणाला विचारायचा? त्यांच्या काळात अंदाजपत्रक मांडणारा अधिकारी आणि मंजूर करणारा अधिकारी एकच असतो. सभा नाही, विरोधक नाही, प्रश्न नाही. आमच्या क्षेत्रात स्वतःचा कोड स्वतःच तपासून पास करणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. अधिकारी प्रामाणिक असेल, पण प्रश्न नियतीचा नाही, जबाबदारीचा आहे.

आणि आपला वाटा? निवडणूक आली की आपली एकच चर्चा : "आपल्या लोकांना तिकिटं किती?" प्रभागरचनेचा आराखडा निघतो, प्रारूप मतदार यादी लागते, हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत तहसील कार्यालयात आपल्यापैकी किती जण जातात? वस्ती दोन प्रभागांत विभागली गेल्यावर आरडाओरडा करून उपयोग नसतो.

म्हणून दोनच गोष्टी करू या. पुढच्या वेळी यादी लागली की प्रत्येक मोहल्ल्यातून दोन शिकलेली मुलं-मुली ती घरोघरी तपासतील आणि हरकत लेखी देऊन पोच घेतील. आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी आपण निवडणुकीची लेखी मागणी करू, सगळ्या समाजांना सोबत घेऊन.

मत ही अमानत आहे, असं आपण म्हणतो. ती वेळेवर मागून घेणं हेही आपलंच काम आहे.