पावणेतीन हात नौका

मुलांच्या संसारानिमित्त परदेशी जाऊन राहिलेल्या वृद्धांचा एक नवाच वर्ग अलीकडे आपल्या घराघरांतून निर्माण झाला आहे, आणि प्रस्तुत लेखकही सध्या त्याच वर्गात मोडतो. या मंडळींस अन्नवस्त्राची ददात नसते, मुले-सुना आदराने वागवितात. जाच असतो तो केवळ लांबच लांब दिवसाचा. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, आणि खिडकीतून पाहावे तो रस्त्यावर पायी चालणारे माणूस दृष्टीस पडत नाही. पोथी वाचावयाची तरी किती! अशा स्थितीत बॉस्टनच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेल्या मार्बलहेड या गावी आम्हांस जे पाहावयास मिळाले, ते वाचकांच्या कानी घालावेसे वाटते.

मार्बलहेड हे मुळात कोळ्यांचे गाव. पुढे ते धनिकांच्या शिडाच्या क्रीडानौकांसाठी नावाजले आणि त्याचे बंदर आजही डोलकाठ्यांनी गजबजलेले असते. परंतु आमचा विषय बंदरातला नव्हे. गावातच रेड्स पाँड नावाचे एक लहानसे तळे आहे. हे नाव विल्मट रेड या कोळ्याच्या बायकोवरून पडले. शेजारच्या सेलम गावी १६९२ साली चेटकिणींचे जे कुप्रसिद्ध खटले झाले, त्यांत या बाईस फाशी देण्यात आली. राज्याने कायद्याने तिचे नाव घेऊन तिला निर्दोष ठरविले ते २००१ साली! तळ्यावरच्या टेकडीवर गावचे जुने दफनस्थान आहे. अशा जागी इतका निरुपद्रवी खेळ रंगावा, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते.

सुटीच्या एका सकाळी मुलाबरोबर तेथे गेलो असता पाण्यावर दहाबारा पांढरी शिडे तिरकी होऊन धावताना दिसली. काठावर तितकीच माणसे, बहुतेक आमच्याच वयाची, हातांत लहान पेट्या घेऊन पाण्याकडे टक लावून उभी. नातवंडांची खेळणी घेऊन आजोबा आले असावेत असे वाटले. पण आसपास एकही मूल नव्हते. ही खेळणी आजोबांचीच होती.

या खेळास या गावाने एक मोठी देणगी दिलेली आहे. येथील रॉय क्लफ नामक गृहस्थाने १९३०च्या सुमारास एक नियम सुचविला: नौकेची लांबी ५० इंच, शिडाचे क्षेत्रफळ ८०० चौरस इंच, बाकी आकार ज्याने त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे ठरवावा. पन्नासच इंच का, तर म्हणे एवढी नौका मोटारीच्या मागल्या बैठकीवर मावते! आपल्या हिशेबाने ती पावणेतीन हात झाली. हा वर्ग पुढे जगभर पसरला आणि सर्वत्र या गावाच्याच नावाने ओळखला जातो. नौकांचे मापावरून वर्ग पाडण्याची हौस आपल्याकडेही जुनीच आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथात लांबी, रुंदी व उंची पाहून क्षुद्रा, मध्यमा, भीमा, चपला अशी नौकांची नावे दिलेली आहेत. हे तेथील एका वृद्धास सांगताच त्याने ती नावे दोनदा म्हणावयास लावली व 'चपला' हे नाव आपल्या नौकेसाठी मागून घेतले.

सध्या अधिक प्रचारात असलेला वर्ग एक मीटर लांबीचा. तो १९८८ साली ठरला. या नौकेचे वजन चार किलोपेक्षा कमी असता कामा नये, आणि त्यातले निम्म्याहून अधिक वजन पाण्याखालच्या पात्यात व त्याच्या टोकाच्या शिशाच्या गोळ्यात असते. म्हणून वाऱ्याने कितीही आडवी केली तरी ती पुन्हा उभी राहते. हातातल्या पेटीवर दोन दांड्या असतात. एकीने सुकाणू वळते, दुसरीने शिडांच्या दोऱ्या सैल किंवा ताठ होतात. बिनतारी संदेशाने होणारे काम एवढेच. वारा ज्याचा त्याने ओळखावयाचा. वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची नौका सरळ जात नाही. तिला नागमोडी चढावे लागते आणि शर्यतीचा निकाल बहुधा या प्रतिवात चढणीतच लागतो. नवशिक्याची फजिती निराळ्याच कारणाने होते: नौका आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की तिचे उजवे ते आपले डावे होते, आणि चांगला शहाणा मनुष्यही ती थेट काठावर आपटतो.

वाटेचे नियम मोठ्या नौकांचेच. ज्या नौकेला वारा उजव्या कुशीवर लागतो तिला डाव्या कुशीवर वारा घेणाऱ्या नौकेने वाट द्यावयाची. नियम मोडला अथवा वळणाच्या खुणेस स्पर्श झाला तर जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घ्यावयाची, हा दंड. हा दंड देण्यास तेथे पंच म्हणून कोणी उभा नव्हता. सर्वांच्या पुढे असलेली एक नौका दूरच्या खुणेपाशी वळली. आम्हांस काहीच दिसले नाही, इतरांनीही हरकत घेतली नाही. परंतु तिच्या धन्याने 'लागली' एवढेच म्हटले, गिरकी घेतली, आणि पहिल्याचा चौथा झाला. पस्तीस वर्षे परीक्षेच्या दालनात येरझारा घातलेल्या मनुष्यास हे दृश्य किती वेळ पुरते, हे व्यवसायबंधूंस सांगावयास नको.

त्या मंडळींत दोघांपाशी बिनतारी पेटी नव्हती. त्यांच्या नौका जुन्या, लाकडी, आणि पाठीमागे सुकाणूवर वाऱ्याने फिरणारा एक हलका पंख बसविलेला. नौका सोडण्यापूर्वी वाऱ्याशी किती कोन करून जावयाचे ते या पंखावर ठरवून द्यावयाचे. मग नौका भरकटू लागली की वाराच पंख दाबतो आणि सुकाणू तिला वाटेवर आणते. बिनतारी यंत्रे येण्यापूर्वी शर्यती अशाच होत. एका वेळी दोन नौका, प्रत्येकीची गाठ प्रत्येकीशी. वाऱ्याविरुद्धची फेरी जिंकली तर तीन गुण, वाऱ्याबरोबरची जिंकली तर दोनच. धनी काठाने चालत राहतो आणि नौका काठाशी आली तरच तिला काठीने वळवितो. मध्ये पाण्यावर असताना ती बुडो की तरो, त्याने पाहावयाचे फक्त.

आम्हांस हाच प्रकार अधिक मानवला. पेटीवाल्यांशी यावर थोडा वादही झाला. त्यांचे म्हणणे, वाऱ्याचे मन घटकेघटकेस बदलते, तेव्हा हाती सुकाणू असताना ते न वापरणे हा हट्ट होय. म्हणणे खोटे नाही. तथापि मुलगा विलायतेस वा अमेरिकेस गेल्यावर रोज दूरध्वनीवरून त्याचे सुकाणू धरणारे आईबाप आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत आमच्या घरचाही समावेश होता. काय जेवलास, पांघरूण आहे का, साहेब काय म्हणाला! आता मुलगा चाळिशीत आहे आणि आमच्या पांघरुणाची चौकशी तो करतो. पंख बसवावयाचा तो पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत. ही गोष्ट सौभाग्यवतींस मुळीच पटलेली नाही. त्यांच्या मते काठीने वळविण्याइतके तरी काठाजवळ मुलाने असावे, आणि त्यासाठी तर आपण येथे आलो. यावर आम्हांस उत्तर सुचलेले नाही.

त्या मंडळींत मिसळताना एक अडचण आली ती नावाची. पहिल्याच भेटीत सर्वजण एकमेकांस पाळण्यातल्या नावाने हाक मारतात, आणि त्यांच्या भाषेत 'तू' व 'तुम्ही' यांचा भेद नाही. ज्यास जन्मभर 'गुरुजी' म्हणून हाक आली त्याचा जीव प्रथम चरफडतो. पण त्याच मोकळेपणामुळे कोणी सेवानिवृत्त न्हावी, कोणी शल्यवैद्य, हे आम्हांस तिसऱ्या आठवड्यापर्यंत कळलेच नाही. शल्यवैद्याच्या शिडाची दोरी न्हावी बांधून देत होता, कारण गाठी त्याच्या अधिक चांगल्या.

घरी मात्र 'साठी उलटल्यावर होड्या!' एवढ्यावर सौभाग्यवतींचा अभिप्राय आटोपला. मुलाने तयार नौका विकत आणण्याची तयारी दाखविली. ती आम्ही नाकारली. थंडीत तळे गोठते, तेव्हा शर्यती बंद आणि नौका तळघरांत दुरुस्तीस जातात. पंखवाल्या दोघांपैकी एकाने आपली जुनी लाकडी नौका रंग खरवडण्यासाठी आमच्याकडे दिली आहे. रंगाचे चार थर निघाले आहेत. पाचवा निळा लागला आहे आणि त्याखाली फिकट अक्षरांत तिचे जुने नाव दिसू लागले आहे.