विश्लेषण : गेमिंग लॅपटॉपची बॅटरी दुपारीच का संपते? विद्यार्थ्यांनी खरेदीपूर्वी काय पाहावे?

अभियांत्रिकी, वास्तुकला, ॲनिमेशन किंवा डेटा सायन्सला प्रवेश निश्चित झाला की घरात पुढचा विषय निघतो तो लॅपटॉपचा. मुलांना गेमिंग लॅपटॉप हवा असतो, कारण त्यावर अभ्यासाची जड सॉफ्टवेअर चालतात आणि गेमही खेळता येतात. पालकांना तो चार वर्षे टिकायला हवा असतो. दोघांचेही लक्ष जाते ते जाहिरातीतल्या दोन गोष्टींकडे : ग्राफिक्स कार्डचा क्रमांक आणि ‘आठ तासांपर्यंत बॅटरी’. प्रत्यक्षात सकाळी पूर्ण चार्ज करून नेलेला लॅपटॉप दुपारच्या प्रॅक्टिकलला प्लग शोधू लागतो. ऐंशी हजार ते लाखभर रुपये मोजून घेतलेली वस्तू मग हॉस्टेलच्या टेबलावरून हलत नाही आणि वर्गातल्या नोट्स पुन्हा मोबाइलवर फोटो काढून घेतल्या जातात. हे टाळता येते. त्यासाठी दुकानात विचारायचे प्रश्न मात्र बदलावे लागतात.

जाहिरातीतले ‘आठ तास’ येतात कुठून?

बॅटरीचा दावा बहुधा एखादा साठवलेला व्हिडीओ सलग चालवून मोजलेला असतो. पडद्याचा प्रकाश कमी, बाकी सगळे प्रोग्रॅम बंद, अनेकदा वायफायही बंद. व्हिडीओ दाखवणे हे आजच्या प्रोसेसरसाठी अगदी हलके काम आहे. कॉलेजमधला दिवस तसा नसतो. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, एखादी पीडीएफ, कोड लिहिण्याचे सॉफ्टवेअर, मागे चालणारे व्हॉट्सॲप वेब आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडामुळे वाढवलेला प्रकाश. त्यामुळे ‘पर्यंत’ या शब्दाला महत्त्व आहे. दावा खोटा नसतो; पण तो विद्यार्थ्याच्या दिवसाबद्दल काही सांगत नाही.

मग बॅटरीचा हिशेब कसा मांडायचा?

हिशेब सोपा आहे आणि तो दुकानात उभ्या उभ्या फोनवर करता येतो. बॅटरीत किती वीज मावते ते वॅट-अवरमध्ये मोजतात. हा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलात दिलेला असतो. त्याला लॅपटॉप किती वॅट खातो त्या आकड्याने भागले की तास मिळतात. समजा बॅटरी ६० वॅट-अवरची आहे. वाचन-लेखनाच्या कामात लॅपटॉप १२ वॅट घेत असेल तर ती ५ तास चालेल. तोच लॅपटॉप २२ वॅट घेऊ लागला तर पावणेतीन तासही पुरणार नाही. गेम सुरू करून खप ८० वॅटवर गेला तर पाऊण तासात खेळ संपेल.

या भागाकारात बॅटरीचा आकार अर्धीच गोष्ट सांगतो. ९० वॅट-अवरची मोठी बॅटरी असलेला, पण २२ वॅट खाणारा लॅपटॉप चार तास चालतो. ६० वॅट-अवरचा, पण १२ वॅटवर भागवणारा पाच तास. म्हणून खरा प्रश्न ‘बॅटरी किती मोठी?’ एवढाच नाही. ‘गेम चालू नसताना हा लॅपटॉप किती वीज खातो?’ हा तो प्रश्न आहे.

गेम चालू नसताना वीज कोण खाते?

गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरच्या आतच असते. ते कमी विजेवर चालते आणि वर्ड, ब्राउझर, व्हिडीओ यांना पुरेसे असते. दुसरे म्हणजे एनव्हिडिया किंवा एएमडीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. ते गेम, थ्रीडी मॉडेल आणि एआयच्या कामासाठी असते. हलक्या कामात स्वतंत्र कार्डाने पूर्ण झोपून राहावे, ही अपेक्षा. एनव्हिडियाने यासाठी ‘ऑप्टिमस’ हे तंत्र २०१० मध्येच आणले. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये हे ‘हायब्रिड मोड’ किंवा अशाच नावाने दिसते.

अडचण अशी की हे कार्ड क्षुल्लक कारणानेही जागे होते. नुसते जागे राहिले तरी ते सहज दहा-एक वॅट घेते. हलणारे वॉलपेपर, कीबोर्डचे रंगीत दिवे सांभाळणारे सॉफ्टवेअर, चुकीच्या सेटिंगवर चाललेला ब्राउझर, यांपैकी काहीही पुरते. अनेक मॉडेलांत एचडीएमआयचे पोर्ट थेट स्वतंत्र कार्डाला जोडलेले असते. वर्गात प्रेझेंटेशनसाठी प्रोजेक्टर लावला की कार्ड जागे. काही लॅपटॉपमध्ये ‘मक्स स्विच’ असतो. त्याने पडदा थेट स्वतंत्र कार्डाला जोडला की गेम वेगाने चालतात. पण रात्री खेळून झाल्यावर तो मोड तसाच ठेवून सकाळी कॉलेजला गेले तर बॅटरी निम्म्या वेळात संपू शकते. पुष्कळदा तक्रार बॅटरीबद्दल होते आणि दोष या एका सेटिंगचा असतो.

प्रोसेसरच्या नावातली अक्षरे काय सांगतात?

नावाच्या शेवटची अक्षरे दुकानदार क्वचितच समजावतो. इंटेलच्या क्रमांकाअखेर ‘एचएक्स’ असेल तर तो प्रोसेसर मुळात डेस्कटॉपच्या चिपवरून बेतलेला असतो. ताकद भरपूर, पण हलक्या कामातही विजेची भूक मोठी. ‘एच’ गटातले प्रोसेसर त्यापेक्षा संयमी असतात. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या ‘कोअर अल्ट्रा’ मालिकेपासून हलक्या कामासाठी वेगळे, कमी वीज घेणारे कोअर दिले गेले. एएमडीकडे ‘एचएस’ ही अक्षरे तुलनेने किफायती लॅपटॉप प्रोसेसर दाखवतात. मात्र अक्षरांवर डोळे झाकून विसंबू नये. एएमडीचा ‘रायझन ९ ७९४५एचएक्स’ हा डेस्कटॉपच्या घराण्यातला, तर ‘रायझन एआय ९ एचएक्स ३७०’ हा पातळ लॅपटॉपसाठी केलेला. अक्षरे मात्र तीच. म्हणून पूर्ण नाव लिहून घ्यावे आणि त्या मॉडेलच्या स्वतंत्र बॅटरी चाचण्या पाहूनच ठरवावे.

एकाच नावाच्या लॅपटॉपची बॅटरी वेगळी असू शकते?

असू शकते, आणि फसगत बहुतेक इथेच होते. असुसचा ‘टफ ए१५’ ४८ आणि ९० वॅट-अवर अशा दोन्ही बॅटऱ्यांसह विकला गेला आहे. एचपीच्या ‘व्हिक्टस १५’मध्ये ५२.५ आणि ७० वॅट-अवर असे दोन प्रकार आढळतात. खोक्यावर नाव तेच, रंग तोच. सवलतीच्या सेलमध्ये चार-पाच हजारांनी स्वस्त दिसणारा प्रकार कधी कधी लहान बॅटरीचा असतो. मित्राच्या लॅपटॉपची बॅटरी चांगली चालते म्हणून त्याच नावाचा घेतला, एवढे पुरेसे नाही. मॉडेलचा पूर्ण क्रमांक ताडून पाहावा लागतो.

वरच्या टोकालाही एक मर्यादा आहे. विमानात विशेष परवानगीशिवाय जवळ बाळगता येणाऱ्या लिथियम बॅटरीची कमाल क्षमता १०० वॅट-अवर आहे. त्यामुळे लॅपटॉप कितीही महाग असला तरी बॅटरी सहसा या आकड्याच्या आतच थांबते. त्यापुढचे तास वाढतात ते केवळ वीज वाचवल्याने.

चार्जर न लावता गेम खेळता येतील का?

जड गेम, तेही पूर्ण वेगाने, नाही. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड मॉडेलनुसार ३५ ते ११५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकते. प्रोसेसर आणि पडदा त्याशिवाय. एवढी वीज बॅटरी सलग देऊ शकत नाही, म्हणून चार्जर काढताच लॅपटॉप स्वतःच वेग उतरवतो. अधिक पैसे देऊन घेतलेले मोठे कार्ड बॅटरीवर लहान कार्डाइतकेच चालते, असा अनुभव त्यामुळे येतो. ‘गेमिंगमध्ये चांगला बॅटरी बॅकअप’ असे कोणी सांगत असेल तर ते विसरलेलेच बरे. व्हॅलोरंटसारखे हलके गेम मात्र नव्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवरही चालतात. सेटिंग उतरवून आणि फ्रेमची संख्या बांधून दोन तासांच्या मोकळ्या वेळेत तेवढे खेळता येते.

टाइप-सी चार्जिंग का महत्त्वाचे?

गेमिंग लॅपटॉपचा मूळ चार्जर १८० ते २४० वॅटचा, विटेसारखा आणि पाऊण किलोच्या आसपास वजनाचा असू शकतो. लेनोव्होच्या ‘लोक’सारखा लॅपटॉपच सव्वादोन-अडीच किलोंचा असतो, दोन्ही मिळून दप्तरात तीन किलोंची भर पडते. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये किंवा एसटीत उभ्याने जाणाऱ्याला हे वजन रोज जाणवते. लॅपटॉप टाइप-सीवरून चार्ज होत असेल तर ६५ किंवा १०० वॅटचा, मुठीत मावणारा चार्जर वर्गासाठी पुरतो. त्यावर जड गेम चालणार नाही, पण जेवणाच्या सुट्टीत बॅटरी भरून निघेल. सावधगिरी एवढीच : टाइप-सीचे छिद्र आहे म्हणजे त्यावरून चार्जिंग होतेच असे नाही. तपशिलात ‘पॉवर डिलिव्हरी’ असा उल्लेख आणि वॅटचा आकडा आहे का, ते पाहावे.

मग कोणी काय घ्यावे?

आधी ठरवावे ते दिवसातले किती तास प्लगपासून दूर जाणार आहेत, हे. हॉस्टेलच्या खोलीतच बहुतेक काम होणार असेल, वर्गात वहीच चालणार असेल, तर बॅटरीसाठी जादा पैसे घालू नयेत. मोठे ग्राफिक्स कार्ड घ्यावे. पण रोज जाऊन-येऊन करणाऱ्या, प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याने उलट करावे. एक पायरी लहान ग्राफिक्स कार्ड, म्हणजे आरटीएक्स ४०५० किंवा ५०५०च्या वर्गातले. त्याबदल्यात ७० वॅट-अवर किंवा अधिक बॅटरी, टाइप-सी चार्जिंग आणि दोन किलोंच्या आसपास वजन. हा सौदा बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे. लहान कार्डामुळे गेममध्ये काही फ्रेम कमी मिळतील. पण लॅपटॉप दिवसभर सोबत राहील. असुसच्या ‘झेफिरस जी१४’सारखे दीड-पावणेदोन किलोंचे, ७० हून अधिक वॅट-अवरचे गेमिंग लॅपटॉप २०२० पासून बाजारात आहेत. दोन्ही साधते, पण त्याची किंमत मोजावी लागते.

अभ्यासक्रमही पाहावा. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात, मॅकवर नाहीत. त्यामुळे यंत्र वा वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने केवळ बॅटरीसाठी मॅकबुककडे वळणे अडचणीचे ठरू शकते. एआय शिकणाऱ्याला एनव्हिडियाचे कार्ड उपयोगी पडते, पण सुरुवातीची कामे गूगल कोलॅबवर ऑनलाइनही होतात. वाणिज्य, विधी किंवा कला शाखेत शिकणाऱ्या आणि हलकेच गेम खेळणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतंत्र कार्डाची गरजच नसते. चांगल्या अंगभूत ग्राफिक्सचा पातळ लॅपटॉप त्याला स्वस्तही पडेल आणि दिवसभर पुरेलही.

घरी आल्यावर खात्री कशी करावी?

परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत किती, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि त्या मुदतीतच एक साधी चाचणी करावी. सर्व अपडेट आटोपू द्यावेत. हायब्रिड मोड लावावा, पडद्याचा वेग १४४ वरून ६० हर्ट्झवर आणावा, प्रकाश निम्मा ठेवावा. पूर्ण चार्ज करून चार्जर काढावा आणि तासभर नेहमीचे काम करावे. १५ टक्के बॅटरी गेली तर दिवस निघेल. ३० टक्के गेली तर स्वतंत्र कार्ड जागे आहे का, ते तपासावे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधून टास्कबारवर एक चिन्ह आणता येते, ते कोणता प्रोग्रॅम कार्ड वापरतो आहे ते दाखवते.

आणि तिसऱ्या वर्षी काय?

लिथियम बॅटरी वापराने झिजते. दोन-तीन वर्षांत तिची क्षमता २० टक्क्यांनी घटली, तर पाच तासांचे चार होतात आणि तीनाचे अडीचही उरत नाहीत. नेमके त्याच सुमारास प्रोजेक्ट, इंटर्नशिप आणि कॅम्पस मुलाखती सुरू होतात. म्हणून लॅपटॉप निवडताना पहिल्या दिवसाच्या नाही, तिसऱ्या वर्षाच्या तासांचा विचार करावा आणि आज किमान दोन तास जास्तीचे हाताशी ठेवावेत. खोलीत सतत प्लग लावून खेळताना बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असलेली ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय वापरावी. पूर्ण भरलेल्या बॅटरीला उष्णता अधिक बाधते. त्या मॉडेलची मूळ बॅटरी जवळच्या सेवा केंद्रात बदलून मिळते का आणि किती रुपयांत, हेही खरेदीच्या दिवशीच विचारून ठेवावे.