नव्या कार्यप्रणालीचा भुर्दंड कोणाच्या माथी?

नागझिऱ्याच्या जंगलाला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१३ साली नवेगावसह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. या जंगलाच्या कडेने चोरखमारा, मंगेझरी यांसारखी जी गावे आहेत, तेथील माणसाचा शासनाशी येणारा संबंध आता बव्हंशी संगणकाच्या पडद्यातून येतो. आधारभूत किमतीने धान विकायचे तर नोंदणी, कर्जासाठी सातबारा, पोराच्या शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला. यांतले बहुतेक काम सेवा केंद्रातील यंत्र चालू असल्यावाचून हलत नाही. त्या यंत्रात कोणती कार्यप्रणाली असावी, हा प्रश्न म्हणूनच तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याजोगा राहिलेला नाही. तो सार्वजनिक खर्चाचा प्रश्न आहे आणि खर्च कोणी सोसायचा याचाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ च्या जुलैमध्ये बाजारात आणलेल्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी यंत्रे बंद पडली नाहीत. मात्र सुरक्षेच्या विनामूल्य दुरुस्त्या येणे सर्वसाधारणपणे बंद झाले. तिच्या जागी ‘विंडोज ११’ घ्यावी, ती जुन्या परवानाधारकास फुकट आहे, असे कंपनी सांगते. फुकट या शब्दामागे अट दडलेली आहे. यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था हवी आणि प्रक्रियक साधारणतः २०१७-१८ च्या पुढच्या पिढीचा हवा. त्याआधीचे यंत्र कितीही धडधाकट असो, त्याला अधिकृतपणे प्रवेश नाही. जगभरात अशी सुमारे २४ कोटी यंत्रे भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या संशोधनसंस्थेने २०२३ च्या अखेरीस वर्तवला होता.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घसाऱ्याची दोन कारणे दिलेली असतात: यंत्र झिजते, किंवा त्याहून सरस यंत्र निघाल्यामुळे त्याचे मोल उतरते. येथे तिसरे कारण अवतरले आहे. यंत्र झिजलेले नाही, दाखला टंकित करण्याचे काम बदललेले नाही. तरीही निर्मात्याच्या फर्मानाने त्याचे आयुष्य संपते. आणि हे फर्मान पैसे मोजले की पुढे ढकलता येते! वाढीव दुरुस्त्यांसाठी कंपनीने संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर असा दर लावला आणि पुढील दोन वर्षे तो दरवर्षी दुप्पट करण्याचे ठरवले. म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर. शिक्षणसंस्थांना तीच सेवा १, २ आणि ४ डॉलरना. दुरुस्ती एकच, ती एकदाच लिहावी लागते, तिची आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तेव्हा या दरांचा उत्पादनखर्चाशी संबंध नाही. गिऱ्हाईक किती अडलेले आहे त्याचे ते मोजमाप आहे. युरोपातील ग्राहक-संघटनांनी ओरड केली तेव्हा तेथील व्यक्तिगत ग्राहकांना एक वर्षाच्या दुरुस्त्या विनामूल्य देण्याची तयारी कंपनीने दाखवली. इतरत्र त्यासाठी पैसे मोजणे, किंवा आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या खात्यात जतन करू देणे, असे पर्याय ठेवले गेले. संघटित ग्राहकाला एक न्याय आणि विस्कळीत ग्राहकाला दुसरा.

असे असले तरी नव्या प्रणालीला केवळ नफ्याचे कारस्थान म्हणून झटकून टाकणे उथळपणाचे ठरेल. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नामक खंडणीखोर आज्ञावलीने दुरुस्त्या न झालेली यंत्रे जगभर कुलूपबंद केली. आंध्र प्रदेशातील पोलिसांचे संगणकही त्यात सापडले. पुढच्याच महिन्यात आलेल्या तशाच दुसऱ्या लाटेने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. सेवा केंद्रातील यंत्रात गावाचे आधार क्रमांक, बँकखाती, उत्पन्नाचे तपशील पडलेले असतात. असे यंत्र दुरुस्तीविना चालू ठेवणे ही काटकसर नव्हे. तो दुसऱ्याच्या जिवावर खेळलेला जुगार आहे. टीपीएमचा चोरीस गेलेल्या यंत्रातील माहिती वाचवण्यासाठी उपयोग होतो, हेही खरे आहे. आता नव्या विंडोजची घरगुती आवृत्ती प्रथम बसवताना इंटरनेट आणि कंपनीचे खाते यांचा आग्रह धरला जातो, तो जंगलकाठच्या गावात किती सोयीचा, हे तेथे तास न् तास ताटकळणाऱ्यांना ठाऊक आहे.

दुसरा मार्ग लिनक्सचा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला आणि पुढे तो सर्वांसाठी मुक्त झाला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने त्याच पायावर ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली २००७ साली सिद्ध केली. तीत मराठीची सोय आहे. मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले. केरळने तर त्याआधीच आपल्या शाळा मुक्त प्रणालीवर नेल्या. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर सुखाने चालतात. परावलंबनाचा मुद्दाही काल्पनिक नाही. युरोपीय संघाने निर्बंध लादताच २०२५ च्या जुलैमध्ये नायरा एनर्जी या भारतात तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने रोखल्या, आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या पूर्ववत झाल्या. ब्रुसेल्समधल्या निर्णयाने गुजरातेतील कारखान्याची टपालपेटी बंद होते.

पण मुक्त म्हणजे विनासायास नव्हे. पूर्व विदर्भातील माणसाला हे मामा तलावांवरून उमजावे. कोहळ्यांच्या कसबातून उभे राहिलेले हे माजी मालगुजारी तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले. ते योग्यच झाले. पण पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी उपसायचा, याची नीट तजवीज झाली नाही आणि कित्येक तलाव गाळाने भरले. मालकी बदलली, राखण बदलली नाही. म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, हजारो यंत्रे वळवली आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. तेथे गाळ साचला होता तो राजकीय अनास्थेचा आणि जुळवून न घेतल्या गेलेल्या कागदपत्रांचा.

आपल्याकडे तो गाळ अधिक आहे. सरकारी नोकरीसाठी लाखो तरुणांनी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेतले, त्यात त्यांचा हात बसला तो प्रामुख्याने एकाच कंपनीच्या सामग्रीवर. मराठीतील असंख्य जुने दस्तऐवज युनिकोडपूर्व टंकांत अडकलेले आहेत. दुसऱ्या यंत्रावर उघडले की त्यांची अक्षरे म्हणजे निव्वळ चिन्हांचा गोंधळ. बोटांचे ठसे घेणाऱ्या उपकरणांच्या आज्ञावली मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड यांच्यासाठीच लिहिल्या जातात. ठसा उमटला नाही तर म्हातारीचे पैसे अडतात, आणि त्या वेळी तिला मुक्त प्रणालीचे तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नसतो.

या साऱ्या हिशेबात एक घटक नेहमी विसरला जातो: संगणक परिचालक. २०११ च्या ‘संग्राम’ योजनेपासून ग्रामपंचायतींची संगणकीय कामे करणारी ही मुलेमुली तुटपुंज्या आणि वेळेवर न मिळणाऱ्या मानधनासाठी, किमान वेतनासाठी वारंवार मोर्चे काढत आली आहेत. कोणतीही कार्यप्रणाली आली तरी ती शिकण्याचे, जुनी माहिती हलवण्याचे, अडलेल्या छपाईयंत्राशी झुंजण्याचे काम त्यांच्याच माथी येणार. नवी यंत्रे घेतली तर कोट्यवधींची निविदा निघते. मुक्त प्रणाली स्वीकारली तर ‘खर्च वाचला’ अशी बातमी येते. दोन्ही वेळी परिचालकाचे श्रम हिशेबाच्या वहीत शून्य.

तेव्हा जी यंत्रे अटींत बसतात त्यांवर नवी विंडोज खुशाल बसवावी. तेथे हट्टाने लिनक्स लादण्यात शहाणपण नाही. जी बसत नाहीत ती भंगारात घालून सरसकट नवी खरेदी करण्यास मात्र ठाम विरोध झाला पाहिजे. त्या यंत्रांवर बॉस किंवा तत्सम प्रणाली आणावी, वाचलेल्या रकमेतून परिचालकांना सवेतन प्रशिक्षण आणि तालुक्याला एक पूर्णवेळ तंत्रज्ञ द्यावा, आणि ठशांच्या उपकरणांच्या प्रत्येक निविदेत सर्व कार्यप्रणालींवर चालण्याची अट घालावी. त्यापूर्वी तिरोडा किंवा गोरेगाव अशा एखाद्या तालुक्यात चाचणी घ्यावी. ती मे महिन्यात केंद्रे ओस असताना घेऊ नये. धानाच्या नोंदणीसाठी दारात रांग उभी असते त्या दिवसांत घ्यावी, आणि प्रणाली पास की नापास हे परिचालकांना विचारूनच ठरवावे.