ड्रीमकास्टच्या अंताचे खापर एकट्या ईएच्या माथी का फोडू नये?

१/ ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि कन्सोलच्या व्यवसायाचा निरोप घेतला. या पराभवाचे खापर अनेक जण इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, अर्थात ईए, या प्रकाशकाच्या माथी फोडतात. ईएने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही, हे खरेच. परंतु तो नकार सेगाच्या पतनाचे कारण होता की लक्षण, हे तपासायला हवे.

२/ त्यासाठी १९९० पर्यंत मागे जावे लागते. सेगाच्या जेनेसिस कन्सोलची अंतर्गत रचना ईएच्या अभियंत्यांनी स्वतःच उलगडली होती. ट्रिप हॉकिन्स यांनी तेच हत्यार करून सेगाशी वाटाघाटी केल्या. परवाना शुल्कात सवलत आणि स्वतःची कार्ट्रिजे स्वतः बनवण्याची मुभा त्यांनी पदरात पाडून घेतली. पुढे ईएच्या ‘जॉन मॅडन फुटबॉल’नेच अमेरिकेत जेनेसिसला बळ दिले. म्हणजे हे नाते स्नेहाचे कधीच नव्हते. ते परस्परांच्या गरजेचे होते.

३/ मग सेगाची पत ढासळली. १९९४ मध्ये आलेले ‘थर्टीटू-एक्स’ हे जोडयंत्र अल्पायुषी ठरले. मे १९९५ मध्ये सॅटर्न हा कन्सोल ठरलेल्या तारखेच्या कित्येक महिने आधी अमेरिकेच्या बाजारात अचानक उतरवला गेला. प्रकाशकांचे गेम तयार नव्हते आणि वगळलेले विक्रेते दुखावले. यानंतर प्रकाशकांनी सेगाच्या शब्दावर पैसा लावताना हात आखडता घेतला, तर त्यात नवल नव्हते.

४/ ड्रीमकास्टच्या वेळी तिढा पडला तो क्रीडा-गेमांवरून. सेगाच्या अमेरिकी शाखेचे तत्कालीन प्रमुख बर्नी स्टोलर यांनी नंतर सांगितल्यानुसार, ईएला या कन्सोलवर क्रीडा-गेमांचा अनन्य हक्क हवा होता. सेगाने तर १९९९ मध्ये व्हिज्युअल कन्सेप्ट्स हा स्टुडिओ खास क्रीडा-गेमांसाठीच विकत घेतला होता. बोलणी फिसकटली. मात्र हे कथन एका पक्षाचे आणि घटनेनंतरचे आहे. साधन म्हणून ते मोलाचे असले, तरी अंतिम निवाडा म्हणून स्वीकारता येत नाही.

५/ तरीही सेगाचा नकार चुकीचा ठरत नाही. ज्या दालनात ग्राहकांची सर्वाधिक वर्दळ असते, त्याच्या किल्ल्या कोणता यजमान पाहुण्याच्या हाती देईल? आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत ड्रीमकास्ट आला, तेव्हा ‘एनएफएल २के’ने मॅडनची उणीव फारशी भासू दिली नाही. पहिल्या २४ तासांत सुमारे ९.८ कोटी डॉलरची विक्री झाली.

६/ मग घात कुठे झाला? २००० मध्ये सोनीचा प्लेस्टेशन २ आला. त्यावर डीव्हीडी चालत, जुने प्लेस्टेशनचे गेमही चालत. ड्रीमकास्टवर मात्र नकली डिस्क सहज चालू लागल्या होत्या. सेगाची तिजोरी तर सॅटर्नच्या काळातच रिकामी होत आली होती. जगभरात सुमारे ९० लाख ड्रीमकास्ट विकले गेले. तेवढ्यावर तो तोटा भरून निघणे शक्य नव्हते. ईए सोबत असती, तर अंत कदाचित लांबला असता. टळला असता असे मानायला आधार अपुरा आहे.

७/ ईएला निर्दोष ठरवण्याचा मात्र येथे हेतू नाही. २००४ मध्ये सेगाने ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ अवघ्या २० डॉलरला बाजारात आणला आणि ईएला मॅडनची किंमत उतरवावी लागली. त्याच डिसेंबरात ईएने एनएफएलशी अनन्य करार करून ही स्पर्धाच मोडून काढली. १९९९ मध्ये एका कन्सोलपुरते जे हवे होते असे स्टोलर सांगतात, ते पाच वर्षांनी अमेरिकी फुटबॉलच्या बाबतीत सर्व कन्सोलांवर मिळाले. खेळाडूंचे खरे नुकसान झाले ते येथे, ड्रीमकास्टच्या नकारात नव्हे.

८/ म्हणून ‘ईएने ड्रीमकास्ट मारला’ हे वाक्य सोपे असले तरी अपुरे आहे. ईएने सेगाचा अशक्तपणा ओळखला. तो निर्माण केला नाही. २००५ मध्ये सेगाने व्हिज्युअल कन्सेप्ट्स टेक-टूला विकला. आज तरुण मंडळी जो ‘एनबीए २के’ खेळतात, तो हाच स्टुडिओ घडवतो आणि त्या मालिकेचा पहिला गेम ड्रीमकास्टवरच आला होता.