दोन दात

अलीकडं जुन्या बुलेटवाल्यांत एक खूळ निघालंय. चौपदरीवर गाडी ऐंशीनं पळाली पाहिजे, पण इंजिनाचा आवाज मात्र सत्तरचा आला पाहिजे. त्यासाठी पुढचं छोटं स्प्रॉकेट बदलायचं. १६ दातांचं काढायचं आणि १८ दातांचं चढवायचं. मेकॅनिक वर सांगतो, "काका, फेरे कमी होत्यात, इंजिन आरामात ऱ्हातं, ॲव्हरेज वाढतं." रविवारी हेल्मेट घालून महाबळेश्वरला जाणारी पुण्याकडची हौशी मंडळी हे करतात. त्यांची गाडी, त्यांचा पैसा. पण तेच औषध आता आमच्याकडं दुधाच्या कॅना वाहणाऱ्या, पेंडेची पोती आणणाऱ्या गड्यांना पाजलं जातंय, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. इंजिनिअर नाही. पण त्रैराशिक आमच्या शाळेत छडी मारून शिकवलं होतं, ते अजून विसरलेलो नाही. बुलेटला फेरे मोजायचा काटा नाही, पण तो लागतोच असं नाही. माझ्या ३५० बुलेटला आतल्या प्रायमरी चेनला पुढं २५ आणि क्लचला ५६ दात. बाहेरच्या चेनला पुढं १६, मागं ३८. टॉप गिअर म्हणजे चौथा, तो सरळ एकास एक. हिशोब केला तर मागचं चाक एकदा फिरायला इंजिन ५.३२ वेळा फिरतं. चाकाला खडूनं खूण केली, गाडी एक फेरा पुढं ढकलली आणि टेप लावला. २ मीटर ५ सेंटिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे ४८८ फेरे आणि इंजिनाचे जवळपास २६००. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. तेव्हा ६०ला मिनिटाला २६०० फेरे आणि ८०ला साधारण ३४६०. पुढं १८ दात टाकले, तर ८०ला होतात जेमतेम ३१००.

इथं मेकॅनिक टाळी मागतो. साडेतीनशेच्या वर फेरे वाचले!

फेरे वाचले, पण काम वाचलं का? गाडीचं वजन तेवढंच, बसणाऱ्याचं पोट तेवढंच, समोरचा वारा तेवढाच. मागच्या चाकाला मिळणारी ओढ मात्र प्रत्येक गिअरात नववा हिस्सा कमी झाली. दोन दातांनी इंजिनात ताकद घातली नाही, उलट तिला लांब ढांगा टाकायला लावल्या. ज्यानं बैलगाडी हाकली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. चढ लागला की बैल आपोआप पाऊल आखूड टाकतो. तिथं त्याला लांब पाऊल टाकायला लावणाऱ्या गाडीवानाला आपण काय म्हणतो ते इथं लिहिता येणार नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनाही हे ठाऊक आहे. नांगर खोल लागला आणि गिअर वरचा असला की धुराड्यातून काळा लोट निघतो, आवाज घोगरा होतो आणि फेरे पडतात. तेव्हा कुठला ड्रायव्हर म्हणतो का, "वा, इंजिन किती आरामात चाललंय"? तो मुकाट्यानं खालचा गिअर टाकतो. हाच गडी संध्याकाळी बुलेटवर बसला की त्याला धडधड गोड लागते. चढावर चौथ्यातच, ॲक्सिलेटर पूर्ण पिळलेला, स्पीड पस्तीस, आणि तोंडावर हसू.

त्या धडधडीत आत काय चालतं ते सांगतो. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, ज्याला आपण बिगेंड म्हणतो, रोलर नसतात. तरंगती बुश असते. ही बुश तेलाच्या पातळ थरावर जगते. तेलाचा पंप इंजिनच फिरवतं, तेव्हा इंजिन हळू फिरलं की तेलही कमी ढकललं जातं. आता विचार करा. फेरे कमी म्हणून तेल कमी, आणि ॲक्सिलेटर पिळलेला म्हणून पिस्टनवर दणका जास्त. थर पातळ आणि घाव मोठा. ह्याला आराम म्हणणाऱ्यानं एकदा रिकाम्यापोटी पोतं उचलून बघावं.

आता वाऱ्याचं. ६०वरून ८०वर गेलं की स्पीड वाढतो सव्वापटीहून थोडा जास्त. वाऱ्याचा अडथळा वाढतो पावणेदोनपटीच्या वर आणि तो कापायला लागणारी ताकद सव्वादोनपटीच्याही वर जाते. बुलेटच्या पुस्तकात १८ हॉर्सपॉवर लिहिलेत, पण ते ५६२५ फेऱ्यांना. ३१०० फेऱ्यांना ते कुठून मिळणार? पगार महिन्याच्या शेवटी मिळतो, दहा तारखेला मागून मिळत नाही.

आमच्या वाडीतला एक पोरगा साताऱ्यात दुधाचा रतीब घालायचा. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरच्या कॅना. गाडी त्याच्या चुलत्याची जुनी बुलेट, पण ठणठणीत. मेकॅनिकनं दोन दात वाढवून दिले. पहिले आठ दिवस पोरगं खूश होतं. "आबा, गाडी कशी मऊ चाललीया बगा." मी म्हटलं, "मऊ न्हाई लेका, दमलीया ती. चढाला काय करतोस?" म्हणाला, "तिसरा टाकतो." हे उत्तर मला पुष्कळजण देतात, म्हणून त्याचाही हिशोब केला. १८ दातांवर तिसऱ्या गिअरात ६०ला ३१००च्या वर फेरे पडतात. पूर्वी तीच गाडी तेच ओझं घेऊन चौथ्यात ६०ला २६०० फेऱ्यांवर जात होती. म्हणजे फेरे वाचवायला पैसे मोजले आणि पाचशे फेरे जास्त पदरात घेतले. वर चौथा गिअर नावालाच राहिला.

आणि पोरगं सांगायचं तिसरा, पण घाईत टाकायचं नाही. पहाटेची वेळ, दूध नासायची भीती, कोण गिअर खालीवर करत बसतो? पाचव्या महिन्यात बिगेंड वाजायला लागलं. त्यानं आणखी पंधरा दिवस ओढलं. मग इंजिन पूर्ण उघडावं लागलं, क्रँक दाबून वेगळा करावा लागला, रॉड-बुश सगळं नवं. दोन म्हशींचं चार महिन्यांचं दूध त्या इंजिनात गेलं आणि महिनाभर रतीब दुसऱ्यानं घातला. त्यातली अर्धी घरं परत आलीच नाहीत. ज्या मेकॅनिकनं दात वाढवले, त्यानंच इंजिनाचंही बिल घेतलं. रविवारवाल्याचं इंजिन गेलं तर त्याचा रविवार जातो. ह्याचं घर चालायचं थांबतं, एवढाच फरक आहे.

काही लोक म्हणतील, मग म्हातारा फेऱ्यांचा भोक्ता दिसतो. तसंही नाही. फेऱ्यांच्या आकड्याला घाबरणं जितकं खुळं, तितकंच त्याला भुलणं. शंभर सीसीची हिरो होंडा ६००० फेरे मारते तेव्हा बुलेटवाला तुच्छतेनं म्हणतो, "किती किंचाळतीया बिचारी." पण तिच्या पिस्टनचा स्ट्रोक साडेएकोणपन्नास मिलिमीटर, बुलेटचा ९०. दर फेऱ्याला पिस्टन एकदा वर, एकदा खाली. ६००० फेऱ्यांना हिरो होंडाचा पिस्टन मिनिटाला ५९४ मीटर पळतो. बुलेटचा ३४६० फेऱ्यांनाच ६२३ मीटर पळतो, आणि तो पिस्टनही केवढा जड! म्हणजे ८०ला खरं धावतंय कोण? किंचाळणारी नव्हे, गप्प बसलेली. म्हणून मी म्हणतो की बुलेटला १६ दातांवर ६० ते ६५ला ठेवा. २६०० ते २८०० फेरे. तिथं तेलही पुरतं, थोडी ताकदही हातात राखून राहते आणि दिवसभर चालली तरी लोखंडी सिलिंडर तापून लाल होत नाही. ८०ला ती पळते, नाही असं नाही. पण पळू शकणं आणि पळत राहणं ह्या दोन गोष्टी आहेत.

राजदूत, येझदी यांचं आणखी वेगळं. त्या टू स्ट्रोक, पेट्रोलात तेल मिसळलेलं. त्यांना धोका चढाला कमी आणि लांब उताराला जास्त. स्पीडमध्ये उतरताना ॲक्सिलेटर बंद केला की पेट्रोल बंद, आणि पेट्रोलबरोबर तेलही बंद. इंजिन मात्र भरभर फिरतंय. जुने ड्रायव्हर म्हणून उतारावर मधूनमधून थोडी रेस द्यायचे. लोकांना वाटायचं, ऐट करतोय.

उताराचा विषय निघाला म्हणून, दोन दातांची आणखी एक किंमत. प्रत्येक गिअरात इंजिन गाडीला जितकं धरून ठेवतं, ती पकडही नववा हिस्सा ढिली होते. जुन्या बुलेटला ड्रमचे ब्रेक. ऐंशी लिटर दूध मागं असताना घाट उतरायचा आणि पकड ढिली करून उतरायचा, हा सल्ला देणाऱ्यानं आधी स्वतः मागं बसून दाखवावं.

एकट्यानं, सपाटीला, ओझ्याशिवाय जाणाऱ्यानं एखादा दात वाढवला तर मी भांडायला येणार नाही. १७वर गाडी निभावते. पण मग पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला तिसरा वेळेवर टाकायची शिस्त पाहिजे.

मूळ गोष्ट अशी, की ही गाडी चौपदरीसाठी जन्मलीच नाही. मद्रासला ती १९५५ सालापासून जोडायला लागले. ज्या इंग्लंडातून ती आली, तिथला पहिला मोटारवे १९५८ला उघडला. म्हणजे तिच्या घरीसुद्धा तसला रस्ता नंतर आला. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला बंदीच आहे. आपल्या हायवेवर बंदी नाही, पण मागून ऐंशीनं येणारा ट्रक आहे, आणि पोरांचं खरं दुखणं तेच आहे. "आबा, साठनं चाललो की ट्रकवाले अंगावर येत्यात." खरं आहे. मीही रोज अनुभवतो. पण ऐंशीनं गेलात तर तो नव्वदनं येतो. त्याला सहा सिलिंडर आहेत, तुम्हाला एक.

त्या पोराची गाडी आता परत १६ दातांवर आहे. स्प्रॉकेटबरोबर मी त्याला मोठा टेल लॅम्प, दोन्ही बाजूंना आरसे आणि कॅनांच्या पाठीमागं लाल चमकपट्ट्या लावायला लावल्या. पहाटे तो जुन्या रस्त्यानं गावागावातून जातो आणि हायवेवर फक्त शेवटचे सहा किलोमीटर चढतो, तेही डाव्या कडेनं. साताऱ्याला पोचायला पूर्वीपेक्षा बारा मिनिटं जास्त लागतात. बारा मिनिटं आधी उठतो.