ज्याची नखी त्याला

धाकटीने बारा तारांची गिटार आणली आणि आमच्या घरात 'पिक'चा प्रश्न उभा राहिला. सांगोल्यात पीक म्हणजे ज्वारी नाहीतर डाळिंब. हे पिक ऱ्हस्व, शिवाय प्लॅस्टिकचे!

"बाबा, जाड घेऊ की पातळ?"

मी पडलो मराठीचा मास्तर. पण विशीत मीही मिरजेहून सतार आणली होती. भोपळा आपल्या पंढरपूरकडचा. नखी मात्र मित्राची, उसनी. ती बोटात सैल होई, वाजवताना फिरे. दोष मी बोटांना दिला आणि सतार भिंतीला टांगली. नखी ज्याच्या त्याच्या बोटाच्या मापाची लागते, हे फार उशिरा कळले.

म्हणून म्हटले, "बारा तारा म्हणजे सहा जोड्या. एका फटक्यात दोन्ही तारा वाजायला हव्यात. जाड पिक नवख्या हातात अडखळते. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे पातळ घे. पण एकच नको, तीन-चार जाडींची आण. हात मोकळा चालेल ते तुझे."

तिने चार आणली. तिसरे जमले.

रात्री मी सतारीवरची धूळ पुसत होतो. ती दोरा घेऊन आली.

"बाबा, बोट पुढे करा. माप घेते."